अहमदाबादच्या छतांखाली, मामांबरोबर

बडोद्यात गेल्या शतकाच्या मध्यात बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतींत मे महिन्यात वरच्या मजल्यावर बसवत नाही, आणि त्यावर एसी वाढवत जाण्यापलीकडे कोणी काही करत नाही. त्या पिढीच्या वास्तुकारांनी उन्हाचा काय विचार केला होता ते प्रत्यक्ष पाहावे, म्हणून दांडिया बाजारातल्या मामांना घेऊन मी अहमदाबादला गेले. गच्च्यांची गळती बंद करण्यात मामांची हयात गेली आहे.

पालडीतल्या संस्कार केंद्राची, म्हणजे शहराच्या संग्रहालयाची, पायाभरणी १९५४ मध्ये झाली. खांबांवर उचललेली ती जवळजवळ बिनखिडक्यांची विटांची वास्तू आम्ही बाहेरूनच न्याहाळली. वास्तुकार ल कार्बुझिए यांनी तिच्या छतावर प्रत्येकी ५० चौरस मीटरची ४५ हून अधिक कुंडे योजली होती. त्यांत ४० सेंटिमीटर पाणी आणि त्यावर दाट वनस्पती, म्हणजे पानांची सावली पाण्याला आणि पाण्याचा गारवा खालच्या दालनांना मिळावा. मामांनी तिथेच हिशेब मांडला: एका कुंडात २० टन पाणी, ४५ कुंडांत ९०० टन.

"अगं, एवढा भार आज चढवायचा तर आधी सळया किती गंजल्या आहेत ते तपासायला हवे. मग पाणी साठवून गळती पाहायची, आणि हिरवळीचे नाव त्यानंतर," ते म्हणाले.

मला हा क्रम पटला. स्लॅबला मूळ भार पेलत नसेल, तर मुळे रोखणारा थर, निचऱ्याचा थर आणि त्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर हलकी माती घालूनही छताला सावली मिळते. सिंचनाला मात्र प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरावे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी छतावर ओतणे परवडणारे नाही.

आश्रम रस्त्यावर ल कार्बुझिए यांनीच रचलेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत पश्चिमेचे काँक्रीटचे आडोसे तिरपे आहेत, त्यामुळे कलते ऊन अडते आणि वारा मात्र आत येतो. अशा आडोशांमागे काचा बसवून दालने बंद करणे मला अक्षम्य वाटते.

वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांच्या 'संगाथ' या कार्यालयात आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. तिथल्या अर्धगोल छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे जडवले आहेत. एक छत जमिनीलगत इतके खाली उतरते की मामांनी तुकड्यांमधल्या सांध्यांवरून बोट फिरवून पाहिले. ऊन परतवणारा हा पृष्ठभाग आणि जमिनीत थोडी उतरवलेली दालने, यांमुळे आतली उष्णता आधीच कमी होते.

परतीच्या गाडीत मामा रावपुऱ्यातल्या एका गच्चीविषयी बोलत होते. गळती थांबवण्यासाठी तिच्यावर वर्षानुवर्षे कोब्यावर कोबा चढत गेला आहे. तो सगळा खरवडून काढला, तर तेवढ्याच वजनात माती आणि गवत बसेल, अशी त्यांची खात्री आहे.