चावी कुणी दिली?

शिवाजीनगर कोर्टात एका केसची तारीख घेऊन खाली आले, तर बाकावर तिघं ओळीने बसलेले. बाप, आजोबा आणि सोळा वर्षांचा मुलगा. क्लासला उशीर झाला म्हणून मुलाने सिंहगड रोडवर राँग साइडने स्कूटर घातली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींना उडवलं. त्यांचं मांडीचं हाड मोडलं.

बापाने पहिलंच विचारलं, "मॅडम, दंड किती? भरून टाकतो."

अशा वेळी मी आधी एफआयआर मागते. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम 281, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि 125, म्हणजे बेदरकारपणे दुसऱ्याला इजा करणं. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं 184, म्हणजे धोकादायक गाडी चालवणं, होतंच. मुलाचं प्रकरण येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे जाणार, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. खाली लिहिलेल्या 199अ कडे मात्र कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. 2019 च्या दुरुस्तीत आलेलं हे कलम पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

"पण सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं ना?"

"मिळतं, 50 सीसीपर्यंतच्या. तुमची सव्वाशेची आहे. आणि यानं तेही काढलेलं नाही."

आरसी हातात घेतली. नाव आजोबांचं. गुडघे गेल्यापासून त्यांनी गाडीला हात लावलेला नव्हता. पण कागदावर मालक तेच. विमा कंपनी मावशींना भरपाई देईल, पण चालवणाऱ्याकडे लायसन्सच नव्हतं म्हटल्यावर ती रक्कम यांच्याकडून वसूल करायला ती मोकळी, हेही सांगितलं. बापाचा आवाज एकदम खाली आला. "मग असं म्हणू या, की यानं न विचारता चावी घेतली. आम्हाला माहीतच नव्हतं."

कायद्यात ही वाट आहे, खोटं कशाला बोलू. माहीत नव्हतं किंवा पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं तर सुटका होते. पण कोर्ट आधी संमती होती असंच धरून चालतं. नव्हती हे आपण दाखवायचं. आणि या घरात चावी दाराशेजारच्या खिळ्याला, दगडूशेठच्या कीचेनला लटकलेली. ती आम्हाला दिसत नव्हती, हे कोण मानणार?

मी काही बोलणार तोच आजोबा म्हणाले, "बाई, लिहून घ्या. चावी रोज मीच काढून द्यायचो. पेट्रोलचे पैसेसुद्धा."

"अहो दादा, काय बोलताय!" बाप म्हणाला.

"तू गप. सीसीटीव्ही निघाला तर? गेटवर उभा राहून टाटा करतो मी त्याला." हे म्हणताना त्यांची मान जरा खाली गेली. मुलगा इतका वेळ मोबाइलचं कव्हर नखाने सोलत होता. त्याचा हात थांबला.

अशिलाने स्वतःच कबुली दिली की वकिलाचं काम वाढतं. तरी त्या दिवशी मला हायसं वाटलं. भरपाईचं काय करायचं, मावशींचा दवाखान्याचा खर्च आत्ताच कसा उचलायचा, यावर अर्धा तास गेला. वकीलपत्रावर सही करता करता आजोबांनी विचारलं, "आणि याचं लायसन्स?"

"गुन्हा शाबित झाला तर पंचविसाव्या वर्षापर्यंत नाही."

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "पीएमपीचा बसपास कुठे काढतात हो आता?"