पहिली दहा पावलं

सकाळी पलंगावरून उतरल्यावर मी पहिली दहा पावलं मोजून टाकते. डाव्या टाचेच्या वर किती दुखलं, किती आखडलं, याचा शून्य ते दहामधला एक आकडा उशाशी ठेवलेल्या वहीत लिहिते. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, हृदयाचे ठोके, आठवड्याचे किलोमीटर, सगळं त्या आकड्याच्या मागून येतं.

पळायला लागले ती ४४व्या वर्षी. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, अशी सुरुवात. आठ महिन्यांत न थांबता १० किलोमीटर जमले, पुढच्या दोन वर्षांत २१.१ किलोमीटरच्या दोन हाफ मॅरेथॉन झाल्या. सकाळचा तो तास माझा एकटीचा होता. घर, नोकरी, सगळ्यांची दुखणीखुपणी त्या तासाच्या बाहेर उभी राहायची. मला पळायला किती आवडतं हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचा खटाटोप कशासाठी केला ते कळणार नाही.

४७व्या वर्षी ठरवलं, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पळायची. म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४१ सेकंद. एकाच महिन्यात आठवड्याचं अंतर ३२ वरून ४८ किलोमीटरवर नेलं, चढावर पळायचा एक दिवस धरला आणि टाचेला कमी उंची असलेले नवे बूट घेतले. दम चांगला होता, पाय हलके वाटत होते. यातली एकच गोष्ट बदलली असती तर कदाचित निभावलं असतं. तिन्ही बदलांचा भार एकाच जागी येतो, पोटरीवर आणि तिला टाचेशी जोडणाऱ्या अकिलिस कंडरेवर. दम काही आठवड्यांत वाढतो, कंडरेला मात्र महिने लागतात, आणि वय वाढतं तसं हे अंतर आणखी जाणवतं. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

टाचेच्या हाडापासून चारेक सेंटिमीटर वर आधी नुसतं आखडल्यासारखं वाटायचं. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दुखायचं, मग अंग तापलं की दुखणं गायब. याच गोष्टीनं मला फसवलं. पळताना थांबतंय म्हणजे किरकोळ आहे असं धरून मी सहा आठवडे पळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. ते मी झोपेतून उठल्याचं आखडणं समजत होते. शेवटी एका लाँग रनला अशी कळ आली की उरलेले तीन किलोमीटर लंगडत चालत घरी आले.

पहिल्या डॉक्टरांनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आणि वर म्हणाले, "आता वयाला शोभेल असा व्यायाम करा. चाला." विश्रांती घेतली. दुखणं गेलं. पाच किलोमीटर पळाले, दुसऱ्या दिवशी सगळं परत जागच्या जागी. पुन्हा विश्रांती, पुन्हा तेच. यात चार महिने गेले. त्या दिवसांत कुणी पळताना दिसलं की मी नजर वळवायचे. घरात चिडचिड इतकी की एक दिवस मुलगी म्हणाली, "आई, तुझं पळणं कधी सुरू होणार?" तिच्या आवाजात काळजी होती.

मग एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी आधी कंडरा चिमटीत धरून पाहिली. डावी उजवीपेक्षा स्पष्ट जाड लागत होती. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं केलं आणि टाच पूर्ण वर उचलून खाली आणायला सांगितलं, जमेल तितक्या वेळा. उजवा पाय २४. डावा नवव्याला थांबला, तोही दुखला म्हणून नव्हे, ताकदच संपली म्हणून. त्या म्हणाल्या, "दुखतंय कंडरेत, पण कमी पडतेय पोटरी. विश्रांतीनं दुखणं शांत होतं आणि ताकद आणखी उतरते. मग तुम्ही त्याच अंतराला आधीपेक्षा कमजोर पाय घेऊन जाता." पळताना प्रत्येक पावलाला त्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि एका किलोमीटरला दोन्ही पायांची मिळून हजाराच्या आसपास पावलं होतात. हिशोब ऐकला आणि माझे चार महिने का वाया गेले ते उमगलं.

उपाय म्हणजे त्याच दुखऱ्या जागेवर मापून भार द्यायचा. हे ऐकून मी घाबरले, तेव्हा त्यांनी हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश सर्जनची गोष्ट सांगितली. त्याची स्वतःची टाच दुखत होती आणि वरिष्ठ ऑपरेशनला तयार नव्हते. कंडरा तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल म्हणून त्यानं ती मुद्दाम भार देऊन ताणायला सुरुवात केली. तुटायच्या ऐवजी ती बरी झाली. १९९८ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी पळणाऱ्या १५ हौशी लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली न्यायची, गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे तीन संच आणि वाकवून १५ वेळांचे तीन संच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा पळायला लागले. त्यांचं सरासरी वय ४४ होतं, हे ऐकून मला जो धीर आला तो कुठल्याही गोळीनं आला नसता. अर्थात सगळ्यांनाच १२ आठवड्यांत गुण येतो असं नाही, मलाही नाही आला.

माझी सुरुवात आणखी खालून झाली. दोन्ही पायांवर टाचा उचलून ४५ सेकंद स्थिर उभं राहायचं, असं पाच वेळा. मग एका पायावर, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. मग पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून. गुडघा वाकवून केलेले उचल फार जड जातात. पोटरीचा आतला, खोलवरचा सोलियस स्नायू त्यात कामाला लागतो आणि पळताना मोठा भार तोच झेलतो. एक सावधगिरी महत्त्वाची. ज्यांना अगदी टाचेच्या हाडाला चिकटून दुखतं त्यांनी टाच पायरीच्या खाली नेऊ नये, तिथे कंडरा हाडावर दाबली जाते. त्यांनी सपाट जमिनीवरच करावं. माझं दुखणं वर होतं म्हणून मला पायरी चालली.

आणि वही. व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शांत झालेलं हवं, आणि आठवड्यागणिक चढता कामा नये, हा नियम. २००७ सालच्या एका स्वीडिश अभ्यासात याच नियमात राहून पळणं चालू ठेवलेले लोक, सहा आठवडे पळणं थांबवलेल्यांच्या मागे पडले नव्हते. पहिल्या पानावर माझे आकडे ६, ५, ६, ६ असे आहेत. तिसऱ्या आठवड्यात ४ दिसतो. सातव्यात एकदम ७, कारण बरं वाटतंय म्हणून मी लग्नघाईनं तीन किलोमीटर पळून आले होते. त्या पानाच्या कडेला "घाई" एवढंच लिहिलंय, दोनदा अधोरेखित. नवव्या आठवड्यात पहिला २ आला तेव्हा नवऱ्याला उठवून सांगितलं.

अकराव्या आठवड्यात पळायची परवानगी मिळाली. एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, दहा वेळा, एक दिवसाआड. एक दिवसाआड का, तर भार दिल्यावर पहिले २४ ते ३६ तास कंडरेत कोलॅजनची, म्हणजे ती ज्या प्रथिनाची बनलेली असते त्याची, मोडतोड बांधणीपेक्षा जास्त असते, त्यानंतर बांधणी वरचढ होते. रोज पळालं की बांधणीची वेळच येत नाही. तिशीत हे खपून जात असेल, माझं नाही खपलं.

पेसही सोडला. सोपा रन म्हणजे पूर्ण वाक्य न तोडता बोलता येईल असा. बोलायला सोबत नसली तर मी मोठ्यानं उजळणी म्हणते. अडखळले की वेग कमी. एड व्हिटलॉक या कॅनडातल्या धावकानं २००४ साली, ७३व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. त्याचा सराव म्हणजे बहुतेक तासन् तास अगदी सावकाश पळणं. "वयाला शोभेल असा" हे शब्द आठवले की मला तो आठवतो.

१० किलोमीटरला परत यायला दुखण्यापासून अकरा महिने लागले, हाफ मॅरेथॉनला दीड वर्ष. शर्यतीत २ तास १३ मिनिटं लागली. दोन तासांची इच्छा अजून आहे, पण आता एका वेळी एकच गोष्ट बदलते. यंदा अंतर वाढवतेय, चढ पुढच्या वर्षी. एका पायावर टाच उचलण्यात डावा पाय २२ वर पोचलाय, उजवा २६ वर. सोमवारी आणि गुरुवारी सॅक पाठीवर घेऊन पायरीवर उभी राहते, तेही सोडलेलं नाही.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना छातीत धडधडत होतं. दहा पावलं टाकली, परत फिरून आणखी दहा टाकली. मग वहीत लिहिलं: डावा २, उजवा १, मांड्या भरून आल्यात, दोन दिवस पळायचं नाही.