आमची वाटचाल : शिक्क्यापासून पाटीपर्यंत

आमचं काम पुण्याच्या नारायण पेठेत छपाईच्या जॉबवर्कने सुरू झालं. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, बिलबुकं, रबरी शिक्के. लोगो ग्राहकच घेऊन यायचे, आम्ही तो छापून द्यायचो. पुढे लोगोही आमच्याकडेच होऊ लागले. आज बहुतेक काम सेवा देणाऱ्या लहान कंपन्यांचं आहे : जीएसटीची रिटर्न भरणारे, पगारपत्रकं आणि पीएफ सांभाळणारे, हाउसकीपिंगची माणसं पुरवणारे. यांच्याकडे दाखवायला माल नसतो. बिस्किटाच्या पुड्यावर लोगो पुडाभर छापता येतो. पगारपत्रकं करणाऱ्याचा लोगो दिसतो तो बिलाच्या कोपऱ्यात, पंधरा-वीस मिलिमीटर रुंदीत, काळ्या लेझर प्रिंटवर आणि मग त्या प्रिंटच्या झेरॉक्सवर. म्हणून आमच्याकडे लोगोची सुरुवात सर्वांत लहान जागेपासून होते आणि पाटी शेवटी येते.

ती लहान जागा म्हणजे शिक्का. सेल्फ-इंकिंग शिक्क्याचं नेहमी चालणारं एक माप ३८ × १४ मिमी आहे. त्यात कंपनीचं नाव, खाली ‘अधिकृत स्वाक्षरी’ आणि डावीकडे चिन्ह बसवलं की चिन्हाच्या वाट्याला जेमतेम १० मिमी येतात. त्या दहा मिलिमीटरमध्ये आम्ही काळी रेष ०.३ मिमीपेक्षा बारीक आणि दोन रेषांमधली पांढरी फट ०.४ मिमीपेक्षा अरुंद होऊ देत नाही. शाई कागदात पसरते, त्यामुळे रेष जाड होते आणि फट बुजते. बारीक रेषांचा पृथ्वीगोल किंवा दातेरी चक्र स्क्रीनवर छान दिसतं, पण शिक्क्यावर त्याचा काळा ठिपका होतो. रंगछटांचं तर शिक्क्यावर काहीच उरत नाही.

यातूनच आमची कामाची पद्धत पक्की झाली : निवड होईपर्यंत सगळं काळ्या रंगात. आधी पेन्सिलीने कच्ची चित्रं, त्यांतून तीन दिशा, म्हणजे तीन वेगळ्या कल्पना, आणि प्रत्येक दिशा एकाच कागदावर १० मिमी, ४० मिमी आणि २०० मिमी अशा तीन मापांत. ग्राहकाला हा कागद हातात देतो. मोबाइलवर पाठवला की माणूस बोटांनी मोठा करून बघतो आणि लहान मापाची परीक्षाच होत नाही. लहान-मोठ्या सगळ्या मापांत टिकणाऱ्या चिन्हाचा उत्तम नमुना रोज डोळ्यांसमोर असतो, तो म्हणजे स्टेट बँकेचं चिन्ह. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेमध्ये शेखर कामत यांनी ते १९७१ साली केलं. भरीव वर्तुळ, मध्ये छोटं गोल छिद्र आणि तिथून खाली उतरणारी एक फट, बस्स. पासबुकावर असो की इमारतीच्या माथ्यावर, ते तसंच ओळखू येतं.

चिन्ह काय असावं, यावर सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो द्यावाच. हस्तांदोलन, वर चढणारा बाण, स्तंभांचा आलेख या तीन गोष्टी आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवतो. कुठल्याही करसल्लागाराला त्या लागू पडतात, म्हणजे कोणा एकाच्या होत नाहीत. त्याऐवजी ग्राहकाला विचारतो : तुमचे लोक फोनवर कंपनीला काय नावाने हाक मारतात? येत्या वर्षात लोगो कुठल्या तीन ठिकाणी सर्वांत जास्त वापरला जाईल? बिल पास करणारा माणूस कोण? बऱ्याचदा पहिल्या प्रश्नातच उत्तर असतं. लोक लांबलचक नावातला एकच शब्द उच्चारतात, त्या शब्दाचं नीट घडवलेलं अक्षरचित्र हाच लोगो होतो आणि वेगळ्या चिन्हाची गरज पडत नाही. ‘बिझनेस सर्व्हिसेस’सारखी खालची ओळ आम्ही सुटी ठेवतो. लोगो २५ मिमीपेक्षा लहान झाला की ती गाळायची, हे कागदावर लिहून देतो. सनदी लेखापालांची फर्म असेल तर चित्र काढण्याआधी त्यांच्या संस्थेची आचारसंहिता वाचतो, कारण लोगोच्या वापरावर तिचे निर्बंध आहेत.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. त्यानंतर इंग्रजी लोगोखाली कुठल्यातरी फॉन्टमध्ये नाव टाकून भागेना. दोन्ही लिपींची एकाच वेळी आखणी सुरू झाली आणि आमच्या कामाला खरी गोडी तिथून आली.

एकच शब्द घ्या : ‘सर्व्हिसेस’. ‘र्व्हि’मध्ये ऱ्हस्व वेलांटीची कमान आणि रफार एकाच जागी येतात आणि शेजारच्या ‘से’ची मात्राही जवळच असते. १० मिमीच्या मापात शिरोरेषेवर नुसता गुंता दिसतो. अशा वेळी वेलांटीची कमान आम्ही हाताने थोडी चपटी करतो, रफार तिच्या उजव्या टोकाला मोकळा काढतो आणि ‘से’ला चिमूटभर अंतर देतो. फॉन्टमधलं तयार अक्षर इथे पुरत नाही. दोन्ही लिपींचं मापही पॉइंटवर, म्हणजे फॉन्टच्या मापाच्या आकड्यावर, जुळत नाही. एकाच पॉइंटमध्ये देवनागरी बुटकी दिसते, कारण तिच्या उंचीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते. आम्ही शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलइतकी ठेवतो, म्हणजे पाटीच्या नियमातही अडचण येत नाही. सुरुवातीला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट पायाला घेता येतात, मग अक्षर न अक्षर घडवायचं.

रंग यानंतर. गडद निळा सगळ्यांना हवा असतो आणि छपाईत तोच जांभळा होतो. छपाईच्या शायांपैकी सायन (आकाशी निळा) १०० टक्के आणि मॅजेन्टाही (गडद गुलाबी) १०० टक्के ठेवला की हमखास जांभळट येणार. मॅजेन्टा ६५च्या आसपास ठेवला की निळा निळाच राहतो. छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते, म्हणून बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटमध्ये, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नको. प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत कड येते. उन्हातल्या फ्लेक्सवर लाल लवकर उतरतो, म्हणून बाहेरच्या पाटीला आम्ही ॲक्रिलिकची कापलेली अक्षरं सुचवतो. ही अक्षरं कापणाऱ्या राउटर यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे अक्षराच्या आतले टोकदार कोपरे गोलसर होतात. आकार आखतानाच ते कोपरे थोडे गोल ठेवले की कापून आलेलं अक्षर आणि कागदावरचं अक्षर एकच दिसतं.

व्हॉट्सॲपचा डीपी गोल कापला जातो. चौकोनात बसवलेल्या वर्तुळात बाजूच्या ७० टक्के मापाचाच चौकोन मावतो, म्हणून चिन्ह त्या मर्यादेत ठेवतो आणि नाव डीपीत घालतच नाही.

कागदपत्रांकडे लहान कंपन्या सर्वांत कमी लक्ष देतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलेल्या लोगोचा पहिला मालक साधारणपणे तो डिझायनरच असतो. नुसते पैसे दिल्याने हक्क ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतर लेखी लागतं आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आम्ही बिलासोबत हस्तांतरपत्र देतो आणि त्यात हक्काची संपूर्ण मुदत व सर्व देश असं स्पष्ट लिहितो. तयार टेम्पलेटमधलं चिन्ह वापरण्याचा परवाना मिळतो, पण तेच चिन्ह इतरांनाही दिलेलं असतं, म्हणून ते आम्ही मुळीच घेत नाही.

ट्रेडमार्कसाठी, म्हणजे नाव किंवा चिन्ह आपलं म्हणून नोंदवण्यासाठी, टीएम-ए नावाचा अर्ज असतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन शुल्क माल-सेवांच्या ठरलेल्या वर्गांपैकी दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. हिशेब, पगारपत्रकं, नोकरभरती वर्ग ३५मध्ये, इमारतींची साफसफाई ३७मध्ये, सुरक्षारक्षक ४५मध्ये. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्यावा, उच्चारात सारखी नावंही तपासावीत. अर्ज काळ्या-पांढऱ्यात, रंगाची मर्यादा न घालता केला तर नोंदणी सर्व रंगांना लागू धरली जाते. नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर हरकतीला चार महिने असतात. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लावावं. वर्तुळातला आर नोंदणीआधी लावणं गुन्हा आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

शेवटी ग्राहकाला फोल्डर देतो. छपाईसाठी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत बदललेली, कोरलड्रॉची फाइल आणि पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी, रोजच्या वापराला पारदर्शक पीएनजी. कर्व्ह केली नाहीत तर ज्या प्रेसकडे तो मराठी फॉन्ट नाही तिथे नावाच्या जागी निरर्थक खुणा उमटतात. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. शिक्का बदलणार असेल तर त्याचा नवा नमुना बँकेत देऊन मगच जुना बाजूला ठेवायचा.