पहिल्या ऑईल चेंजसाठी मी कोणती हत्यारं घेतली आणि का

घरी गाडीचं ऑईल बदलायचं ठरलं की पहिला मोह होतो तो ४६ नगांच्या सॉकेट सेटचा. मी तो टाळला. त्या सेटचा ड्राइव्ह, म्हणजे गोटी (सॉकेट) जिच्यावर बसते ती चौकोनी दांडी, पाव इंची असतो आणि त्यातली सर्वांत मोठी गोटी बहुधा १४ मिलिमीटरची असते. माझ्या पेट्रोल स्विफ्टचा (२०१८ चं मॉडेल, १.२ लिटर) चेंबर नट, म्हणजे ऑईल काढायचा ड्रेन प्लग, १७ चा आहे. ४६ नग घरात येतात आणि ज्या एका नटासाठी खरेदी केली, त्याची गोटीच नसते.

म्हणून मी क्रम बदलला. आधी मॅन्युअल, मग ऑईल आणि फिल्टर, आणि हे दोन्ही हातात आल्यावर हत्यारं. मॅन्युअलातून तीन गोष्टी कागदावर उतरवल्या: फिल्टर बदलताना लागणारं ऑईल सुमारे ३.१ लिटर, ग्रेड (ऑईल किती दाट-पातळ ते सांगणारा आकडा) ०डब्ल्यू-२०, आणि प्लग आवळायचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ३५ न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते तुमच्याच मॅन्युअलातून घ्या. नटाचं माप मात्र मॅन्युअलात सहसा नसतं. ते गाडीखाली टॉर्च मारून, पाना लावून बघावं लागतं. १४, १७ आणि १९ ही मापं सर्रास भेटतात.

सर्वांत जास्त पैसे मी गाडी उचलून धरण्यावर खर्च केले आणि तिथे काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. हायड्रॉलिक ट्रॉली जॅकवरही विसंबू नये, कारण आतलं एक सील गेलं की तो बसतो, आणि सील जाण्याआधी काही सांगत नाही. जॅकचं काम उचलायचं, धरायचं काम जॅक स्टँडचं, म्हणजे गाडीखाली ठेवायच्या लोखंडी घोडीचं. मी दोन टनांच्या स्टँडची जोडी घेतली. अशा स्टँडची उंची साधारण २७ ते ४२ सेंटिमीटर असते, त्यामुळे जॅक निवडताना तो किती टनांचा एवढंच पाहून चालत नाही, तो किती उंच जातो हेही पाहावं लागतं. स्टँडच्या सर्वांत खालच्या खाचेपर्यंतही न पोहोचणारा जॅक निरुपयोगी. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे, म्हणजे जॅकचं डोकं खाली असताना त्याहून ठेंगणं हवं. १३-१४ सेंटिमीटरचे जॅक सहज मिळतात.

इथे एक अडचण दुकानात लक्षात येत नाही. गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखालच्या ज्या ठिकाणी जॅक लावतो, तीच जागा स्टँडलाही हवी असते. त्यामुळे ट्रॉली जॅक मॅन्युअलात दाखवलेल्या पुढच्या मधल्या जागी लावायचा आणि स्टँड दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखालच्या खुणांवर. तिथल्या पत्र्याची धार वाकू नये म्हणून मधे खाच असलेले रबरी ठोकळे घेतले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडचे पाय एका बाजूने खचू शकतात, म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा चौकोनी तुकडा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी अडण्या, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. स्टँडवर उतरवल्यावर आत जाण्याआधी गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायचं. उतारावर हे काम करूच नये.

पाना-गोटीकडे वळू. बाजारात नक्षीदार पेटीतले सेट खूप असतात, पण मी सुटे नग घेतले: १७ ची एक गोटी, तिचा सरकता टी-हँडल आणि १६-१७ चा रिंग पाना. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत सुटी गोटी मिळते. टापरियाचा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला, त्यामुळे त्यांचा माल आपल्याकडे लहान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. गोटी घेताना आत बघा. सहा पैलूंची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर दाबते, बारा पैलूंची कोपऱ्यांवर. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं वाजवीपेक्षा जास्त आवळलेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात, तिथे बारा पैलूंची गोटी घसरली की नट गोल होतो. स्क्रू पाना तर या नटाजवळही नेऊ नये.

टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना) नवशिक्याला लागत नाही असं अनेक मेकॅनिक सांगतात. त्यांच्या हाताला वर्षांची सवय असते, आपल्या नसते. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम १४ किलोचा जोर. आडवं पडून ओढताना याच्या दुप्पट जोर सहज लागतो आणि कळतही नाही. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑईलचं भांडं, ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात, आणि आटे गेले की पुढचा खर्च टॉर्क रेंचच्या किमतीहून कितीतरी जास्त. पण टॉर्क रेंचही डोळे झाकून घेऊ नका. दुकानदार अर्धा इंची, ४० ते २१० चा रेंच पुढे करतात. तो चाकाच्या नटांना उत्तम, पण त्यावर ३५ लावताच येत नाही. ज्यांची सुरुवात २८ पासून होते, तेही रेंजच्या अगदी तळाला भरवशाचे नसतात. मी ३/८ इंची, १० ते ६० चा घेतला, म्हणजे ३५ बरोबर मधे येतो. गोटीही त्याच ड्राइव्हची. या रेंचने नट कधीही सोडवायचा नाही, आणि काम झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते.

फिल्टरसाठी नवा फिल्टर खिशात घालूनच दुकानात जा. टोपीसारखा फिल्टर पाना व्यास आणि पैलू या दोन मापांवर मिळतो, आणि ७४-७६ मिलिमीटरच्या आसपास १४ पैलूंचेही फिल्टर असतात, १५ चेही. डोळ्यांनी फरक कळत नाही. टोपी फिल्टरवर बसवून बघायची, सैल वाटली तर नको. तीन नखांचा पाना कुठल्याही फिल्टरला चालतो, पण त्याला आजूबाजूला मोकळी जागा लागते आणि तो पत्रा चेपतो. जुना फिल्टर काढायला हे चालेल, नवा बसवायला कुठलाच पाना नको. स्क्रू-ड्रायव्हर फिल्टरमधून आरपार घालून फिरवायची जुनी पद्धत मी बाद केली. पत्रा फाटून फिल्टरचा फक्त तळ इंजिनला चिकटून राहिला की तो काढणं फार कठीण. काही गाड्यांत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली कागदी फिल्टर असतो. त्याच्या झाकणाला वेगळी गोटी लागते आणि नवी ओ-रिंग (रबरी कडी) लावावी लागते.

ऑईल झेलायला खास ड्रेन पॅन मागवायची गरज नाही. गवंड्याचं प्लॅस्टिकचं घमेलं रुंद आणि ठेंगणं असतं, स्टँडवरच्या गाडीखाली आरामात सरकतं आणि ३ लिटर ऑईल त्यात हलवताना हिंदकळत नाही. रुंदी महत्त्वाची, कारण प्लग सुटताच ऑईलची धार सरळ खाली पडत नाही, आधी हातभर पुढे उडते आणि पातळी उतरेल तशी मागे येते. शिवाय लांब नळीची नरसाळी, नायट्राईल हातमोजे, भुसा किंवा माती, आणि नटाचा नवा वॉशर. हा वॉशर चेपून एकदाच बसतो, जुना परत लावला तर थेंब-थेंब गळती ठरलेली.

प्रत्यक्ष काम छोटं आहे. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको. वरचं ऑईलचं झाकण उघडा. मग खाली जाऊन योग्य प्लग शोधा. गिअरबॉक्सलाही प्लग असतो, आणि चुकून तो उघडून गिअर ऑईल काढून टाकणारे आणि वर इंजिनात नवं ऑईल दुप्पट भरणारे थोडे नाहीत. काळं, पातळ ऑईल आलं नाही तर थांबा. आडवं झाल्यावर डावी-उजवी उलट वाटते, म्हणून नटाच्या डोक्याकडे बघून घड्याळाच्या उलट हे पक्कं धरा. धार थेंबांवर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी गॅस्केट त्याच्यासोबत आली का हे बोटाने तपासा. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर सुरू करताच दाबाने काही मिनिटांत सगळं ऑईल बाहेर येतं. नव्या गॅस्केटला बोटाने थोडं ऑईल लावा, फिल्टर हाताने फिरवा, गॅस्केट टेकल्यावर पुढे पाऊण फेरा. प्लगचे पहिले आटे बोटांनीच लावा, मग रेंच, क्लिक झालं की थांबा.

२.८ लिटर ओता. ३ लिटरचा डबा आणि १ लिटरची बाटली घेतली की उरलेलं पुढे टॉप-अपला येतं. इंजिन सुरू केल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाही विझला तर लगेच बंद. प्लग आणि फिल्टरजवळ टॉर्च मारून बघा. पातळी मात्र गाडी सपाट जमिनीवर उतरवल्यावर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनीच मोजा. पुढची चाकं वर असताना डिपस्टिक (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) खोटं दाखवते. थोडं-थोडं ओतत वरच्या खुणेजवळ आणा, तिच्या वर नेऊ नका.

जळकं, म्हणजे वापरून काढलेलं ऑईल शटरिंगच्या प्लेटांना किंवा वाळवीसाठी दरवाजाला लावायला मागणारे लोक भेटतात, त्यांना देऊ नका. ते २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात नरसाळीने भरा आणि जळकं ऑईल गोळा करून अधिकृत पुनर्शुद्धीकरणाला पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. त्यात कूलंट, पाणी किंवा नट धुतलेलं रॉकेल मिसळू नका, भेसळ झालेलं ऑईल ते परत करतात. फिल्टर रात्रभर उलटा निथळत ठेवला की त्यातूनही बरंच ऑईल निघतं, तेही त्याच डब्यात.