हरवलेले आठ

गुहागरला एसटीतून उतरून खालचा पाट या वस्तीत काकूकडे पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मे महिना. चिऱ्यांच्या गडग्यांमधून चालताना सदरा पाठीला चिकटलेला. ओटीवर टेकतो न टेकतो तोच काकूने गुळाचा खडा आणि तांब्याभांडं पुढ्यात ठेवलं. सरबतं आली, थंड बाटल्या आल्या, काकूचा गूळ काही जागचा हलला नाही. खडा तोंडात टाकताच तरतरी आली. ती खरं तर जिभेचीच. साखर रक्तात उतरायला अजून अवकाश असतो. पण हे काकूला कोण सांगणार?

झोपाळ्यावर पुतणी जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली होती. "काका, एका ग्लुकोजपासून एटीपी किती?" एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं.

"अडतीस," मी गूळ चघळत म्हटलं.

"तीस. फार तर बत्तीस."

मी उडालोच. आमच्या मास्तरांनी हा आकडा पाढ्यासारखा घोटून घेतला होता. पेशीद्रवात ग्लुकोज फुटतं तिथले नफ्याचे २, त्यापुढच्या क्रेब्स चक्रातले २, आणि बाकीचे ३४ तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पडद्यावर. एकूण ३८. इतकी वर्षं जे खात्यावर धरून चाललो, त्यातले आठ कुणी काढले?

पुस्तक हिसकावून घेतलं. पडद्यातले पंप प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पलीकडे उपसतात, साचलेले प्रोटॉन एका फिरत्या यंत्रातून परत येतात, आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतो. पीटर मिचेल या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६१ साली ही प्रोटॉन उपसण्याची कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी नाकं मुरडली. गडी पुढे इंग्लंडातल्याच कॉर्नवॉलला गेला, एका जुन्या वाड्याची डागडुजी करून तिथेच प्रयोगशाळा थाटली, आणि १९७८ साली नोबेल घेतलं. आधी उपसा, मग उताराला सोडा. आमच्या आजोबांना हे एका वाक्यात पटलं असतं.

त्यांच्या वाडीत रहाट होता. सकाळी रेडा जुंपला की लोटे डुचमळत वर यायचे, पन्हळीत रिते व्हायचे, आणि मला आळ्याआळ्यांतून पाणी फिरवायला पाटावर धाडलं जायचं. विहिरीपाशी पाट काठोकाठ, शेवटच्या पोफळीशी पोचेपर्यंत धार करंगळीएवढी. सगळा खेकड्यांचा प्रताप. ओल्या बांधात एक भोक टाचेने चिखल दाबून बुजवावं, तर चार हातांवर दुसरं बुडबुडायला लागलेलं. आजोबा रहाटापाशी बसून लोट्यांचा अंदाज धरायचे आणि मग मला विचारायचे, "पाणी गेलं कुठं?" जसं काही मीच प्यायलोय.

पेशीतही हेच चाललेलं असतं. काही प्रोटॉन यंत्राला वळसा घालून पडद्यातून तसेच झिरपतात, काही फॉस्फेट आत ओढून आणण्यात खर्ची पडतात. मुख्यतः या दुसऱ्या खर्चामुळे, इलेक्ट्रॉन वाहून आणणाऱ्या एनएडीएच या रेणूमागे पूर्वी ३ एटीपी धरत तिथे आता अडीच, आणि एफएडीएच२ या दुसऱ्या रेणूमागे २ च्या जागी दीड. मास्तर लोटे मोजत होते. पुतणीचं पुस्तक आळ्यात पोचलेलं पाणी मोजतं. झिरपलेल्या प्रोटॉनची नुसती ऊब होते. मे महिन्यात, गुहागरात, ही ऊब मागितली होती कुणी?

"मग मी परीक्षेत काय लिहू?" पुतणीने विचारलं.

"तुझ्या बाई सांगतील ते."

उन्हं उतरल्यावर मागच्या वाडीत चक्कर टाकली. रहाट कधीच गेला, आता पंप आहे, प्लॅस्टिकचे पाइप आहेत. पाइपाचा एक सांधा गळत होता. खाली चिखल, त्यात खेकड्याचं बीळ, आणि भोवती अळू कमरेएवढं माजलेलं. घरात जाऊन काकूला गळतीचं सांगितलं.

"असू दे रे," ती म्हणाली, "चार पानं घेऊन ये."

रात्री आठळ्या घातलेलं अळूचं फदफदं होतं. मी दोनदा भात घेतला.