शेंबडाचा नमुना कसा घेतात

परदेशात संशोधन करते म्हटलं की घरचे मोठमोठ्या यंत्रांबद्दल विचारतात. यंत्रं आहेतच. पण आमच्या कामाचा खरा कस लागतो तो त्याआधी, समोर बसलेल्या माणसाच्या नाकातून शेंबूड घेताना. तिथे हयगय झाली तर यंत्र कितीही भारी असो, आकडा फसवाच निघणार.

शेंबूड म्हणजे बहुतांश पाणी आणि त्यात म्युसिन नावाच्या लांबलचक प्रथिनांचं जाळं. धूळ, परागकण, जंतू त्यात अडकतात आणि नाकाच्या आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म तंतू ते सगळं घशाकडे ढकलत राहतात. जंतूंशी लढणारी प्रथिनंही त्यातच असतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लायसोझाईम सापडलं ते नाकातल्या स्रावातच, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. त्यावरचा त्यांचा निबंध १९२२ चा. अस्तराला सूज आली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप नेणारी प्रथिनं म्हणजे सायटोकाईन. इंटरल्युकिन-५, इंटरल्युकिन-१३, इंटरल्युकिन-८ ही त्यांतली काही. रक्तात सगळ्या शरीराची सरमिसळ असते. नाकात काय चाललंय ते नाकालाच विचारावं लागतं.

विचारायचं कसं, यावर मात्र आमच्याकडे तासन् तास चर्चा चालते. नाकात सलाईन सोडून ते परत गोळा करणं सोपं आहे आणि त्यात पेशीही मिळतात. पण आत गेलेल्या पाण्यात मूळ स्राव किती मिसळला, हे कसं सांगणार? पातळ झालेल्या नमुन्यात प्रथिन कमी दिसलं तर सूज कमी आहे की पाणी जास्त? म्हणून काही जण सोबत युरियाही मोजतात. तो रक्तातून ऊतींत सहज झिरपतो, त्यामुळे रक्तातल्या युरियाशी ताडून स्राव किती पातळ झालाय याचा अंदाज बांधता येतो.

मला स्वतःला शोषक पट्टी जास्त पटते. उजेडात नीट बघत, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या खालच्या उंचवट्याला चिकटेल अशी ती आत सरकवायची, नाकपुडी बाहेरून हलकेच दाबून धरायची आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. डोळ्यांत पाणी येतं, शिंकही येऊ शकते. त्या वेळी माणसाशी बोलत राहणं फार गरजेचं असतं. परक्या भाषेत हा धीर द्यायला शिकणं मला प्रयोगांपेक्षा जड गेलं, आणि ते शिकल्याचा आनंदही तेवढाच मोठा आहे.

पट्टीचं आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की स्राव किती आला ते कळतं. मग बर्फावर ठेवणं, ठरावीक द्रावणात भिजवणं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून द्रव वेगळा करणं, आणि उणे ८० अंशांवर साठवणं. रक्त लागलं असेल तर तशी नोंद करायचीच, कारण रक्तातली प्रथिनं मोजमाप बिघडवतात. घट्ट शेंबूड सैल करायला डीटीटी हे रसायन वापरता येतं. ते म्युसिनमधले गंधकाचे बंध तोडतं. पण मोजायच्या प्रथिनांतही असे बंध असतात; ते तुटले तर एलायझा या प्रथिनं मोजायच्या चाचणीतली प्रतिद्रव्यं त्या प्रथिनाला ओळखतीलच असं नाही. म्हणून हे रसायन वापरण्याआधी त्याचा परिणाम तपासून घ्यायला हवा.

एवढा खटाटोप का? नाकात कोंब (पॉलिप) वाढून वर्षानुवर्षं वास न येणारी माणसं मी रोज बघते. दोघांचं नाक सारखंच चोंदलेलं असतं, पण एकाच्या सुजेमागे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी असतात तर दुसऱ्याच्या न्यूट्रोफिल नावाच्या. इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचा मार्ग अडवणारं डुपिलुमॅब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत अशा कोंबांसाठी मंजूर झालं, तरी ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. कुणाला कोणतं औषध द्यावं हे पट्टीवरून आधीच ओळखता यावं, हीच आमची धडपड.

नमुना देणारे बहुतेक जण शेवटी एकच विचारतात, माझा आकडा काय आला? एकट्या आकड्यावरून आज त्यांच्या उपचारांत काही बदलता येत नाही, हे मी संमतिपत्रावर सही घेण्याआधीच सांगते. तरी ते पुढच्या तपासणीला येतात.