ओळखीचे दिसणारे जुने इंग्रजी शब्द

लहानपणी आमच्या गावातील मिठाईच्या दुकानावर ‘स्वीटमीट मार्ट’ अशी पाटी होती. ‘मीट’ म्हणजे मांस एवढे इंग्रजी मला शाळेत शिकवून झाले होते, त्यामुळे पेढे आणि बर्फी विकणाऱ्या दुकानदाराने हा शब्द पाटीवर का लिहावा, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नाही. ते सुटले महाविद्यालयात, १६११ साली प्रसिद्ध झालेले बायबलचे इंग्रजी भाषांतर वाचताना. तेथे पहिल्याच अध्यायात देव पशुपक्ष्यांना हिरवा पाला ‘मीट’ म्हणून देतो. त्या काळी ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न, आणि मांसाला ‘फ्लेश’ हा वेगळा शब्द होता. ‘स्वीटमीट’ म्हणजे गोड खाद्य, एवढाच त्या पाटीचा अर्थ होता.

तेव्हापासून जुन्या इंग्रजीविषयी माझे एक मत बनले आहे. अनोळखी शब्द वाचकाला फसवत नाही, कारण तो दिसताच आपण कोश उघडतो. फसवतो तो रोजच्या वापरातला, चेहरा तोच ठेवून अर्थ बदललेला शब्द, कारण तेथे कोश उघडण्याची गरजच आपल्याला भासत नाही.

याचे मला सर्वांत आवडते उदाहरण ‘डिअर’ या शब्दाचे आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये वेड्याचे सोंग घेतलेला एडगर सांगतो की, उंदीर, घुशी आणि तसलेच लहान ‘डिअर’ हे सात वर्षे आपले अन्न होते. येथे हरीण हा अर्थ घेतला तर वाक्य निरर्थक होते. जुन्या इंग्रजीत ‘डिअर’ म्हणजे कोणतेही जनावर, आणि जर्मनमधील त्याचा भाऊबंद ‘टीअर’ आजही प्राणी याच अर्थाने वापरला जातो. पुढे इंग्रजीत फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आणि लॅटिनमधून ‘अ‍ॅनिमल’ आले, त्यांनी व्यापक अर्थ बळकावला आणि ‘डिअर’कडे शिकारीचे मुख्य जनावर तेवढे उरले. मराठी वाचकाला हे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या ‘मृग’ शब्दाचा प्रवास नेमका असाच झाला आहे. संस्कृतात मृग म्हणजे आधी कोणतेही वन्य पशू. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग आणि रानातील शिकार ही मृगया. आज मात्र मृग म्हटले की डोळ्यांसमोर हरीणच येते. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांनी शिकारीच्याच वाटेने जाऊन एकाच प्राण्यापाशी थांबावे, याचा मला आजही मनापासून आनंद होतो.

असे शब्द पुष्कळ आहेत. ‘गर्ल’ हा शब्द मध्ययुगात मुलगा किंवा मुलगी, कोणत्याही लेकरासाठी वापरत असत. ‘सिली’ म्हणजे एके काळी सुखी, देवाची कृपा असलेला. ‘नाइस’ म्हणजे मूर्ख, कारण त्याचे मूळ अज्ञानी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.

‘लेट’ (let) या शब्दापाशी मात्र थांबायला हवे, कारण तेथे अर्थ नुसता सरकलेला नाही, तर उलटा झाल्यासारखा दिसतो. हॅम्लेट आपल्या पित्याच्या भुताच्या मागे निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो की, जो मला ‘लेट’ करील त्याचेच मी भूत करीन. आजच्या अर्थाने पाहिले तर, जो मला जाऊ देईल त्याला मी ठार मारीन, असा विपरीत अर्थ निघतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ ‘होऊ देणे’ आणि दुसऱ्याचा ‘अडवणे’. उशीर या अर्थाचा ‘लेट’ हा या दुसऱ्याचा सख्खा नातेवाईक आहे. उच्चार सारखे झाल्यावर अडवणारा ‘लेट’ मागे पडला, पण पूर्ण मेला नाही. आपल्या भारतीय पारपत्राच्या आतल्या पानावर, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे, अशी विनंती छापलेली असते, आणि शेजारच्या हिंदी मजकुरात त्या जागी ‘बिना रोक-टोक’ असे चोख शब्द आहेत. परदेशी जाणारे कितीतरी मराठी लोक शेक्सपिअरच्या काळातला हा शब्द खिशात घेऊन हिंडतात.

याउलट, हरवलेले सुंदर शब्द म्हणून जे वारंवार मिरवले जातात, त्यांच्याविषयी मला तेवढी ओढ वाटत नाही. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब या अर्थाचा ‘अ‍ॅप्रिसिटी’ हा शब्द हेन्री कॉकरम याच्या १६२३ सालच्या कठीण शब्दांच्या कोशात आहे. शब्द गोड आहे, परंतु कोशांबाहेर तो फारसा आढळत नाही. लोकांच्या तोंडी कधी रुळलाच नाही तो शब्द हरवला असे म्हणणे मला पटत नाही.

आता एक शब्द आपल्या अगदी जवळचा. भारतात राहिलेल्या जुन्या इंग्रजांच्या लिखाणात पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, ‘मोर्ट-द-शियाँ’ असे नाव आढळते. फ्रेंच जाणणारा वाचक त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा लावील, आणि त्या भीषण रोगाला तो शोभूनही दिसेल. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने मात्र त्याचे खरे मूळ नोंदवले आहे. हा शब्द फ्रेंच नाही. तो पोर्तुगिजांच्या ‘मोर्देशी’चा अपभ्रंश आहे, आणि ‘मोर्देशी’ हा आपल्या मराठी-कोकणी ‘मोडशी’चा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाचे स्थानिक नाव दिले आहे आणि पोर्तुगीज लोक ते बिघडवून बोलतात, असेही सांगितले आहे. आमच्या घरी मात्र मोडशी म्हणजे जड जेवणानंतरची साधी पोटाची तक्रार. लग्नाच्या पंक्तीतून परतलेल्या कोणी पोट धरले की आजी “मोडशी झालीय” एवढेच म्हणे, आणि ओवा व काळे मीठ हातावर ठेवी.